पुढचा ब्रेक डाव्या हाताला

९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

फोन न करता पत्र लिहिते आहे, पण तुझ्यावर रागावले आहे असं समजू नकोस. आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. आजारपणात बाबांचा उजवा हात अधू झाला, जीभ थोडी जड झाली, पण कान पूर्वीपेक्षा तिखट झालेत. मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी आतल्या खोलीतून उत्तर येतं. आणि हे त्यांच्याबद्दलच आहे.

परवा सकाळी मी कामाला बसले होते. सध्या वनस्पतिशास्त्राच्या एका जाडजूड पुस्तकाची सूची करते आहे. कुठला शब्द कुठल्या पानावर, एवढंच काम, पण मध्येच कुणी हाक मारली की हातातला शब्द निसटतो, आणि आपल्याकडे हाका दिवसभर चालू असतात. चष्मा कुठे आहे, खिडकी लाव, खिडकी उघड. त्या दिवशी बराच वेळ हाक आली नाही म्हणून मीच घाबरून उठले. बाबा पॅसेजमध्ये उभे होते. भिंतीला टांगलेल्या त्यांच्या रेसच्या सायकलचा उजवा ब्रेक दाबून बघत होते. बोटं लिव्हरपर्यंत पोचत होती, तिच्याभोवती वळतही होती, आणि तिथेच थांबत होती. याच हाताने त्यांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवल्या, एकेक दात कोरून. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं. वळून न बघता म्हणाले, "पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे. तो डाव्या हाताला घेता येईल का, धाकट्याला विचार."

"बाबा, सायकल?"

"मग काय, विमान?"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मी नको म्हणणार नाही, पण हो असं लिहूनही देणार नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई (बाबा तिला हवालदारीण म्हणतात, तिच्या तोंडावर) म्हणते, चालताना पाय थोडा घासतो, पण पायडल मारायला दोन्ही पाय उत्तम आहेत. अडचण हाताचीच. डावा हात धडधाकट आहे.

आता जे तुला फोनवर सांगता आलं नसतं ते लिहिते. आजारी पडायच्या आधी बाबा रोज सकाळी कालव्यावरच्या बाकापर्यंत जायचे, तिथल्या म्हाताऱ्या टोळीशी वाद घालून दोनेक तासांनी परत यायचे. मी ऑगस्टमध्ये इथे राहायला आले तेव्हापासून हे घर मी कधी रिकामं पाहिलेलं नाही. त्यांनी सायकलचं नाव काढलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? ते पडतील, हे नाही आलं. दोन तास, हे आलं. भीती नंतर आली, आणि मला वाटतं, ती मीच बोलावून आणली, बरं दिसावं म्हणून. तेव्हापासून रोज वहीत लिहून बघते आहे. त्यांनी सायकल चालवावी असं मला वाटतं ते कुणासाठी? रोज वेगळं उत्तर येतं. तेव्हा मी कुठल्याच बाजूने बोलत नाही. तू सांग, तारांची अदलाबदल होते का, आणि करावी का.

भावजयीला आठवण सांग. तिचा आवाज ऐकून युगं झाली.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकिटावर तुझं अक्षर बघून ते जिन्यातच फाडलं. हल्ली पत्र येतं म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं किंवा कुणीतरी कोर्टात खेचलेलं असतं. वाचल्यावर जीव भांड्यात पडला. भिंतींचं म्हणणं पटलं.

होतं. सहज होतं. मी दिवसभर लिफ्टच्या तारा बघतो, त्यामानाने हा पोरखेळ. आपल्या सायकलचे गिअरचे खटके खालच्या दांडीवर आहेत म्हणून ते मध्ये येत नाहीत. हँडलवरच्या लिव्हर फक्त ब्रेकच्या. हँडलवरची टेप उलगड. आतून दोन काळ्या नळ्या निघतील, एक पुढच्या चाकाकडे जाते, एक मागच्या. प्रत्येक नळीत एक तार. चाकाजवळचा नट ढिला कर, लिव्हर दाब, तारेच्या टोकाचा मणी लिव्हरमधून बाहेर येईल, तार ओढून घे. मग पुढच्या चाकाची नळी डाव्या लिव्हरला लाव, मागची उजव्या लिव्हरला. मागची नळी वळताना फार आखडली तर नवी थोडी लांब घे. जुन्या तारा परत घालू नकोस, टोकाला पिंजलेल्या असतील आणि नळीत शिरताना रडवतील. नव्या दोन आण, मागची लांब असते हे दुकानात सांग. शेवटी टोकाला टोपी दाबून बसव, नाहीतर पोटरी ओरबाडेल.

नवी तार थोडी ताणते. वापर सुरू झाला की ब्रेक सैल वाटायला लागेल, तेव्हा घाबरू नकोस, पुन्हा आवळायचा. वापरलीच नाही तर सैल होत नाही. तार आपोआप ताणत नसते, हात लागतो.

आता महत्त्वाचं. खरा थांबवणारा ब्रेक पुढचा. मागचा नुसता मदतीला. म्हणून चांगल्या हाताला पुढचाच हवा, बाबांचं बरोबर आहे. पण तो एकदम आवळला की मागचं चाक उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. बाबांना हे सगळं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. प्रश्न त्यांच्या डोक्याचा नाहीच. इतक्या वर्षांची सवय हातांना आहे, आणि अचानक कुणी आडवं आलं की डोक्याला विचारायला हात थांबत नाहीत. आपण दोघंही त्याच सायकलवर शिकलो, आपले हातही तसेच आहेत. तेव्हा रस्त्यावर जाण्याआधी भरपूर सराव. हे मी तीनदा लिहितोय असं समज.

करावी का, म्हणतेस? करावी. दोन तास तुला मिळाले तर काय आभाळ कोसळणार आहे? तू ना, सूची करता करता स्वतःचीही सूची करायला लागलीस. गुन्हे, पान अमुक, तमुक आणि पुढे सर्वत्र.

मीच येऊन केलं असतं, पण नव्या इमारतीच्या सगळ्या लिफ्ट एकदम सुरू करायच्यात. महिना जाईल. हिने नमस्कार सांगितलाय.

तुझा,
धाकटा

२ मार्च

प्रिय धाकट्या,

झालं. तुझं पत्र तेलाने माखलं आहे.

दुकानदाराला मी म्हटलं, एक आखूड, एक लांब. तो म्हणाला, दोन्ही लांबच घ्या, कापता येते. तू हे का लिहिलं नाहीस? स्वयंपाकघरात जुनी चादर अंथरली, सायकल उलटी ठेवली. बाबा खुर्चीवर. मी टेप उलगडायला लागले तर ती बिस्किटासारखी तुटत होती, तुकडे सगळ्या फरशीवर. बाबा म्हणाले, "कात्रीने काप, खेचू नकोस." म्हटलं, धाकट्याने उलगड असं लिहिलंय. म्हणाले, "त्याला सांग, ती मी गुंडाळली तेव्हा तो दुधाच्या दातांवर होता."

मग जी सुरुवात झाली ती दुपारपर्यंत संपली नाही. मणी नीट बसला का. नळीचं टोक चपटं झालंय, कानशीने घास. अजून घास. आता फुंक. ब्रेकचं रबर चाकाच्या कडेला घासायला नको आणि लांबही नको. मी म्हटलं, बाबा, ही कवळी नाहीये. म्हणाले, "कवळी चुकली तर माणूस सूप पितो. हे चुकलं तर?" एकदा मी चुकून मागचीच नळी डाव्या लिव्हरला जोडली, म्हणजे होतं तसंच. दोघांच्याही लक्षात नाही आलं. नट आवळून झाल्यावर मी डावा ब्रेक दाबला आणि मागचं चाक थांबलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबा हसायला लागले. आजारपणानंतर त्यांचं हसू एका बाजूने वर जातं, ते त्यांना आवडत नाही, म्हणून ते आवरतात. त्या दिवशी आवरलं नाही. मलाही हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं किती हसण्याचं होतं, कोण जाणे.

सगळं पुन्हा सोडून पुन्हा बसवलं. आता डावा दाबला की पुढचं चाक जागच्या जागी थांबतं.

इतक्या महिन्यांत या घरात पहिल्यांदा ते सांगत होते आणि मी ऐकत होते. एरवी मी सांगते, गोळी घ्या, हात वर करा, आणि ते ऐकतात. कधी वाटतं, तेवढ्यासाठीच सायकल हवी होती त्यांना. मग वाटतं, हा मी माझ्या सोयीचा अर्थ काढला, म्हणजे आता रस्त्यावर न पाठवताच भागेल. बघ, सुटका नाही.

कारण आता ते रोज विचारतात, कधी जायचं. आणि धाकट्या, पहिल्यांदा त्यांना रस्त्यावर सोडणारी मी नसावी असं मला वाटतं. काही झालं तर सगळे म्हणतील बिचारी, आणि मला एकटीला माहीत असेल की मला दोन तास हवे होते. तू ये. एका रविवारपुरता ये. त्यांच्या मागे धाव, नाहीतर नुसता फाटकाशी उभा राहा. इस्पितळात आलास तेव्हा बाबा सदऱ्याचं बटण लावायची धडपड करत होते, तू फोन आलाय म्हणून बाहेर गेलास आणि संध्याकाळच्या बसने परतलास. त्यावरून मी तुला काही बोलले नव्हते. आताही बोलत नाही. पण ये.

तुझी,
ताई

११ मार्च

प्रिय ताई,

चुकून होतं तसंच जोडलंस हे वाचून जेवणाच्या सुट्टीत एकटाच हसत बसलो. जोडीदार म्हणाला, काय रे, लॉटरी?

रविवारचं जमत नाही गं. खरंच जमत नाही. तपासणीवाले येणार आहेत, ते रविवार बघत नाहीत. सोबत नवी टेप पाठवतोय, मऊ आहे, दुबळ्या हाताला बरी. गुंडाळताना खालून वर जा.

तोवर रस्त्यावर कशाला? मागच्या बंद कारखान्याचं आवार आहेच. तिथे सराव करून घे. तू मागून मध्येच 'थांबा' म्हणून ओरड आणि बघ, आधी कुठला हात मिटतो. हँडलवर हात आणि पोटात भीती नको, म्हणून आधी तू स्वतः चालवून बघ. विसरली नसशील.

बटणांबद्दल काय लिहू? फोन आला होता.

हिने नमस्कार सांगितलाय.

धाकटा

२९ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझ्या टेपबद्दल आभार. बाबा म्हणतात रंग भडक आहे, पण रोज तिच्यावरून हात फिरवतात.

कारखान्याचं आवार आता आमचं झालं आहे. आधी मी चालवली. कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला पाय लावला नव्हता. दोन फेऱ्या नीट गेल्या, मग एक कुत्रं उठलं आणि माझा डावा हात घट्ट मिटला, जुन्या सवयीने, मागचा ब्रेक समजून. मागचं चाक जमिनीवरून उठलेलं मला पाठीत जाणवलं. हळू होते म्हणून वाचले. बाबा ओरडले, "धाकट्याने तीनदा लिहिलं होतं!" म्हणजे तुझी पत्रं ते वाचतात. माझी तुझ्याकडे जाण्याआधी वाचतात का, विचारायची हिंमत नाही.

मग ते. पायडलवर पाय आणि जमिनीपासून सुटलेली टाच, एवढ्यात ते दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. पण मी 'थांबा' म्हटलं की दर वेळी उजवा हात आधी. तो बिचारा मिटतो, पुरेसा मिटत नाही, सायकल चालतच राहते, मग डाव्याला जाग येते. मी विटेच्या तुकड्याने रेघ मारली होती, रोज ती ओलांडून जायचे. आठवडाभर तेच. शेवटी एका सकाळी उतरले आणि म्हणाले, "टांगून ठेव. हात ऐकत नाही." मी सायकल भिंतीला टांगली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, दोन तास गेले म्हणून. ते हताश झाले म्हणून वाईट वाटायला संध्याकाळ व्हावी लागली. हे मी वहीत जसंच्या तसं लिहिलं आहे, तुझ्यापासूनही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक नाही. बघते तर बाबा दारात, बूट घालून, आणि उजव्या हातात स्वयंपाकघरातला जाड हातमोजा, गरम भांडी उतरवायचा, फुलाफुलांचा.

"हे काय?"

"उजव्याला बांधून ठेवलंय. पकडताच येणार नाही म्हटल्यावर डाव्याला शिकावंच लागेल. चल."

त्या मोज्याने ते हँडल नुसतं टेकवून धरतात आणि आवारात गोल गोल फिरतात. कवळीचे साचे शिकवताना म्हणे त्यांच्या उस्तादाने हीच युक्ती केली होती. काल मी पाच वेळा ओरडले, पाचही वेळा डावा हात आधी, आणि हळुवार. शेवटच्या वेळी रेघेच्या अलीकडे थांबून त्यांनी फुलाफुलांचा हात हलवून मला सलाम केला, आणि म्हणाले, "धाकटा असता तर हसला असता."

आता मोजा काढायचा, आणि मग रस्ता. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तू येणार नाहीस हे मी आता धरूनच चालते. तसं नीट लिहून टाकलंस तर बरं, म्हणजे दर शनिवारी बसच्या वेळेला मी बाल्कनीत जाणार नाही. मी थकले आहे रे. आजारी नाही, रागावलेली नाही, नुसती थकले आहे. सकाळी उठतानाच संध्याकाळ झालेली असते.

ताई

२० एप्रिल

ताई,

शनिवारी येतो. पाच वाजताची बस. बाल्कनीत ये.

तपासणी वगैरे नाही काही. होती, ती संपून महिना झाला.

धाकटा

८ मे

प्रिय धाकट्या,

तुझ्या खोलीतून, तुझ्या टेबलावरून लिहिते आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी सूचीची रद्द झालेली पानं घडी करून ठेवलीत. आता हलत नाही.

त्या रविवारबद्दल आपण नीट बोललोच नाही. इस्पितळ, पट्ट्या, औषधं यांत राहून गेलं. तू मला विचारलं नाहीस की मी पाहिलं का. पाहिलं. बाबा अजून उठले नव्हते. तू "ताईचं काम तपासून येतो" असं दाराशीच म्हणालास आणि सायकल खांद्यावर घेऊन खाली गेलास. मी बाल्कनीत आले. उतारावर तू पायडल थांबवलंस, दोन्ही हात सोडलेस, लहानपणी सोडायचास तसे. मला हाक मारायची होती. तेवढ्यात उभ्या गाडीचं दार उघडलं. तुझे हात हँडलवर आले आणि डावा मिटला, सगळ्या ताकदीने, मागचा ब्रेक समजून. पुढचं मी डोळे मिटून ऐकलं.

खाली पोचले तेव्हा तू रस्त्यावर बसला होतास, खांदा धरून, आणि म्हणालास, "ताई, ब्रेक उत्तम लागतोय." त्या क्षणी तुला एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि इस्पितळात बाबा तुझ्या पलंगाशी उभे राहून एवढंच बोलले, "तीनदा लिहिलं होतंस ना?"

डाव्या खांद्याचं हाड. दीड-दोन महिने काम बंद. मला खरं सांगायचं तर वाटलं, आता दोघं. आता दोन्ही खोल्यांतून हाका. मी पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, थोडा वेळ. तेव्हा आतून बाबांचा आवाज आला, "हलू नकोस. श्वास धर." डोकावून बघितलं. तू खुर्चीवर बसला होतास आणि बाबा तुझ्या सदऱ्याची बटणं लावत होते. डाव्या हाताने बटण, उजव्याच्या बोटांनी काज नुसतं धरलेलं. किती वेळ लागत होता! तुझे डोळे छताला लागले होते. इस्पितळातला तुझा फोन मला तेव्हा कळला. आलाच नव्हता ना?

मग बाबाच म्हणाले, "त्याचा उजवा चांगला, माझा डावा चांगला. दोघांत एक माणूस पुरा होतो. तू जा कुठेतरी." मी म्हटलं, कुठे जाऊ? तू खिशातून ही चावी काढून टेबलावर ठेवलीस.

मी आले. दार उघडलं. एक ताट, एक पेला, कपाटाची अर्धी बाजू रिकामी आणि त्या अर्ध्या बाजूत तू काहीच ठेवलेलं नाहीस, मोजेसुद्धा नाहीत. मी पलंगावर बसून तुझी पत्रं आठवली. दोन्ही लांब पत्रांच्या शेवटी "हिने नमस्कार सांगितलाय." तेच शब्द, त्याच जागी. शब्दच शोधून द्यायचं माझं काम, आणि माझ्या लक्षात आलं नाही. मी माझ्या दोन तासांचा हिशेब पानंच्या पानं लिहीत होते. माझ्या मनात चाललेलं बारीक बघण्याच्या नादात तुझ्याकडे बघायचंच राहिलं. विचारत नाही काही. तू चावी दिलीस, तेवढं पुरे आहे.

इथे हाक येत नाही. पहिले दोन दिवस मी झोपले. तिसऱ्या दिवशी सूची उघडली, आणि काम करता करता मान वर करून बघत होते, इतकी शांतता का.

बाबांना रस्त्यावर सोडायचं की नाही ते आता तू ठरव. मी पळ काढते आहे असं वाटलं तर तसं लिही. मी रागावणार नाही.

तुझी,
ताई

१९ मे

प्रिय ताई,

आधी तुझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. हो. ती ऑगस्टमध्ये सोडून गेली. भांडण नाही, काही नाही, एकमेकांना कंटाळलो होतो आणि ते तिने आधी कबूल केलं. तेव्हा बाबा इस्पितळात होते. त्यात हे कुठे सांगायचं? आणि नंतर सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. नमस्कार एकदा लिहिला आणि मग थांबवता येईना. बाबांना मी परवा सांगायला गेलो, तर म्हणाले, "माहीत आहे. इतके महिने फोनवर तुझ्या मागे भांड्याचासुद्धा आवाज नाही." कान, ताई.

आणि नाही, फोन आला नव्हता.

आता सायकल. काल सकाळी बाबा रस्त्यावर गेले.

मी ठरवलं वगैरे काही नाही. मी पडलो तेव्हा पुढच्या चाकाला आलेला वाक तुझ्या दुकानदाराने काढून दिला होता. आवारात मोजा न घालता रोज फिरत होते, मी गळ्यात हात अडकवून कट्ट्यावर बसून 'थांबा' ओरडत होतो. डावा हात आधी, प्रत्येक वेळी. माझ्यापेक्षा शहाणा हात. काल परत येताना आवाराच्या फाटकाशी ते घराकडे वळले नाहीत. म्हणाले, "कालव्यापर्यंत जाऊन येतो." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, "ताईला विचारू?" म्हणाले, "तिला कशाला त्यात ओढतोस? ती आधीच स्वतःला फार विचारत असते." म्हणजे तुझी पत्रं जाण्याआधी ते वाचत होते का, याचं उत्तर तुला मिळालं असेल.

ते निघाले. मी जमेल तसा मागे धावत कोपऱ्यापर्यंत गेलो, एकेका पावलाला खांदा कळवळत होता. कोपऱ्यावर एक टेम्पो मागे न बघता मागे आला. मी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं. बाबांचा डावा हात मिटला, अंडं धरावं तसा, मग जोरात. सायकल थांबली, एक पाय जमिनीवर. टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून काहीतरी म्हटलं. बाबांनी त्या जड जिभेने जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही, तू सूचीत घालशील. मग पाय पायडलवर ठेवून निघून गेले. मागे वळून बघितलं नाही.

मी घरी आलो. तुझे ते दोन तास, ताई, मी वापरून बघितले. चहा केला, तो गार झाला. तुझ्या टेबलावर बसलो, उठलो. बाल्कनीत गेलो, आत आलो, पुन्हा बाल्कनीत. घर इतकं रिकामं होतं की नळाचा थेंब ऐकू येत होता, आणि मला त्यातलं एक मिनिटही हातात धरता आलं नाही. तुला वाटत होतं तुला ते दोन तास स्वतःसाठी हवे होते. खोटं नाही म्हणत मी. हवे असतील. पण तुला ते मिळालेच नसते. तूही अशीच बाल्कनीत उभी राहिली असतीस. ज्याच्यावरून वहीभर स्वतःला फटकारलंस ते तुझ्या हाती कधी लागणारच नव्हतं. तेव्हा तो हिशेब आता मिटवून टाक. खरा रिकामा वेळ तुला माझ्या खोलीतच मिळतोय, तो घे. पळ काढलास असं मला वाटत नाही. आठ महिने तू इथे होतीस आणि मी तिथे होतो. आता मी इथे आहे.

ते परत आले तेव्हा घामाने निथळत होते. टोळीतल्या एकाने म्हणे विचारलं, कुठे होतास इतके दिवस, आणि त्यांनी सांगितलं, डावखुरा व्हायला गेलो होतो.

दोघांनी मिळून सायकल टांगली, तेव्हा मी सहज दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून बघितले. पुढचा टणक. मागचा सैल झाला होता, लिव्हर पार हँडलला टेकत होती. मागचा म्हणजे उजव्या हाताचा. मी पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मग बाबांकडे बघितलं. ते बुटाची नाडी सोडण्यात गर्क असल्यासारखं दाखवत होते. ताई, मागची तार आपोआप सैल झालेली नाही. कालव्याच्या वाटेवर चढ आहे, उतार आहे, वळणं आहेत, आणि तो हात सगळ्या वाटेत ओढत होता. आवारात मोजा काढल्यापासूनच ओढत असणार.

मी आवळायला गेलो, एका हाताने जमेना. बाबा म्हणाले, राहू दे, आणि कागद मागून घेतला. खालचं त्यांनी स्वतः लिहिलंय, उजव्या हाताने. मी आत जातो, नाहीतर म्हणतील खांद्यावरून वाचतोय.

तुझा,
धाकटा

बाई, मागचा ब्रेक सैल झाला आहे. आलीस की आवळ. तोवर पुढचा पुरतो. घाई नाही.